कानसमास्तरांचे अकरा जॉब

आमच्या शाळेतल्या कानसमास्तरांबद्दल कुणी चांगलं बोललं की मला राग येतो, आणि कुणी वाईट बोललं की त्याहून जास्त येतो. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भांडार सांभाळलं. स्क्रू, कानशी, करवतीची पाती, लोखंडी पट्ट्या, सगळं माझ्या सहीनं आत यायचं आणि माझ्याच सहीनं बाहेर जायचं. मास्तर घरून भांडून आलेत की नुसतेच घाबरलेत, हे मला त्यांच्या तोंडापेक्षा त्यांच्या मागणीच्या चिठ्ठीवरून आधी कळायचं. म्हणून त्या शुक्रवारी जे झालं त्यात माझा काहीच हात नव्हता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मास्तरांचं काम ऐकायला साधं होतं. नववी-दहावीच्या मुलांना हातानं करायच्या कामांची ओळख करून द्यायची. आठवड्यातून दोन दुपारी वर्ग. कधी लिफ्ट दुरुस्तीच्या गाळ्यात न्यायचं, कधी इस्पितळाच्या बॉयलरखोलीत, कधी छापखान्यात. तिथल्या माणसांना बोलतं करायचं, मुलांना यंत्राजवळ उभं करायचं, आणि कुणाचे डोळे कुठे अडकतात ते बघायचं. मग ज्याला जे जमेल त्या प्रशिक्षणाचा अर्ज त्याच्याकडून भरून घ्यायचा. ‘मोठेपणी काय व्हायचंय’ असं मास्तर कुणालाच विचारत नसत. ते विचारायचे, घरातली कुठली वस्तू शेवटची उघडून बघितलीस, आणि ती परत बंद झाली का. उत्तरं एका जाड वहीत लिहून ठेवायचे. ‘घड्याळ उघडलं. बंद झालं, दोन स्क्रू उरले. स्क्रू अजून जपून ठेवलेत. मुलगा कामाचा.’ असल्या नोंदी. ती वही मी त्यांच्या माघारी वाचायचे आणि एकटीच हसायचे.

पण मुलं मिळवताना मास्तरांच्या नाकी नऊ यायचे. मुलं तयार असली तरी आईबाप तयार नसायचे. मास्तर घरोघर जायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात माहितीपत्रकांची पिशवी घेऊन. एका घरी मुलाच्या वडिलांनी त्यांना अर्धा तास ऐकवलं की आमच्या खानदानात कुणी हातोडा धरलेला नाही. ते ऐकवत असताना त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ टपटप गळत होता. मास्तरांना गळका नळ ऐकवत नाही. त्यांनी उठून नळ उघडला, आतली चकती उलटी करून बसवली आणि खाली बसले. त्या घरानं चहा दिला, मुलगा दिला नाही. आणि प्रत्येक घरात शेवटी एक प्रश्न यायचाच, की मास्तर, तुमचा स्वतःचा मुलगा काय करतो? मास्तर खरं सांगायचे. विमा कंपनीत आहे, टेबलावर काम आहे. तिथे बोलणं संपायचं. मी त्यांना किती वेळा म्हटलं, सांगा ना की वेल्डर आहे, कोण बघायला जातंय. तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी भांडारातलं काहीतरी लंपास केलंय.

एवढा खरं बोलणारा माणूस. म्हणून तर मला राग येतो.

ते मूळचे फिटर. चौदाव्या वर्षी एका दुरुस्तीच्या कारखान्यात लागले. डावखुरे होते, म्हणून तिथल्या मिस्त्रीनं महिनाभर त्यांचा डावा हात पट्ट्यानं कमरेला बांधून ठेवला. महिन्यानंतर पट्टा सोडला, तर कानस पुन्हा डाव्याच हातात. पुढे बावीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात काढली, तो बंद पडला, मग आमच्या शाळेत आले. शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराची लांबट खोली होती, तीत सहा व्हाइस, म्हणजे लोखंड आवळून धरायचे शिकंजे, एक ड्रिल मशीन आणि खिडकीला लागून एक टेबल. कामाची ओळख करून घेतलेल्या मुलांपैकी जी टिकायची त्यांना मास्तर तिथे वर्षभर फिटिंग शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पहिले दोन महिने फक्त कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. बाहेर पोरं क्रिकेट खेळताहेत आणि आत ही घासताहेत. कानसमास्तर हे नाव तिथूनच पडलं. पंधरा मुलं यायची, त्यातली काही दिवाणखान्यात चुकून शिरल्यासारखी चार दिवस बसायची आणि निघून जायची. त्या वर्षी अकरा उरली होती.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक जॉब करायचा असे. दोन लोखंडी तुकडे घ्यायचे. एकाच्या पोटात चौकोनी खाच कापायची, दुसऱ्याला तसंच चौकोनी नाक ठेवायचं. नाक खाचेत घट्ट बसलं पाहिजे आणि जोड उजेडासमोर धरला तर मधून उजेड येता कामा नये. सगळं हातानं, कानशीनं. सहा आठवडे लागतात. शहराबाहेरच्या पंपांच्या कारखान्याचे फोरमन दर वर्षी येऊन हे जॉब बघायचे आणि पसंत पडतील त्या मुलांना दहावीनंतर दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला घ्यायचे. विद्यावेतन, जेवण, आणि शेवटी नोकरी. आधीच्या दोन वर्षांत त्यांनी एकालाही घेतलं नव्हतं.

अकरांमध्ये एक मुलगी होती. ती आली तेव्हा तिची हनुवटी व्हाइसला टेकायची. मास्तरांनी जुन्या दाराच्या फळ्यांचा एक पाट ठोकून तिच्या पायाखाली दिला आणि पोरांनी लगेच तिला पाटराणी करून टाकलं. ती चिडली नाही. तिला चिडायला वेळच नसायचा. मास्तरांच्या वहीत तिच्या नावापुढे एवढंच होतं, ‘इस्त्री उघडली. बंद झाली. चालते.’ खाली दोन रेघा मारलेल्या. तेवढ्या रेघा मी त्या वहीत दुसऱ्या कुणाखाली पाहिल्या नाहीत.

तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. वडील ट्रकवर, आले तर आले. दुसऱ्या गावात तिची आत्या होती, तिला जुळी झाली होती आणि तिला नोकरी सोडायची नव्हती. पोरं सांभाळायला घरचं माणूस हवं होतं, आणि घरचं माणूस म्हणजे पाटराणी, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मास्तर त्या घरी चार वेळा गेले. चौथ्या वेळी मलाही घेऊन गेले, की बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. आई कामावरून आली होती, तिची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. तिनं आमचं सगळं नीट ऐकून घेतलं.

“कारखान्यानं घेतलं तर माझी ना नाही,” ती म्हणाली. “नाही घेतलं तर त्याच रविवारी ती आत्याकडे जाईल. माझ्याकडे तिसरा रस्ता नाही, मास्तर.”

मास्तर म्हणाले, घेतील. पोरगी दारामागे उभी होती, तिनं ते ऐकलं.

मग तो सोमवार आला. फोरमन शुक्रवारी येणार होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मास्तरांना बोलावून सांगितलं की सलग तिसऱ्या वर्षी कुणाचीच निवड झाली नाही तर ही खोली परीक्षेच्या मार्गदर्शन वर्गाला द्यावी लागेल. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्यामागेही कुणीतरी हात धुऊन लागलं होतं. मास्तर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. माझ्याकडे येऊन त्यांनी पॉलिश पेपर मागितला, मग नको म्हणाले, मग पुन्हा मागितला.

त्या आठवड्यात मास्तर जेवले असतील असं मला वाटत नाही. डबा जसाच्या तसा परत जायचा. मंगळवारी त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, मला फोन आला की हे घरात ताटावर बसतात आणि चमच्याची कड बोटानं तपासतात, यांना काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, फोरमन येणारेत. पण जीव माझाही थाऱ्यावर नव्हता. मास्तर दर तासाला एखाद्या मुलाचा जॉब खिडकीशी धरून बघायचे आणि खाली ठेवायचे. एकाच्या खाचेतून काडेपेटीची काडी गेली असती. एकाचं नाक वाकडं होतं. दोन-तीन बरे होते, पण बरं म्हणजे घ्यावं असं नव्हे. एक पाटराणीचा होता. तिच्या जोडातून एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड यायचा. तेवढी फट कारखान्याला चालते, हे मास्तरांनीच मुलांना शिकवलेलं.

“ताई, तीन तरी घेतील ना?” त्यांनी मला विचारलं. तासाभरानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खेकसले, की मी काय फोरमनची बायको आहे?

बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी एक कोरी बारीक कानस मागितली. वर्षभर मुलांनी जुन्या, दात गेलेल्या कानशींवर काम केलं होतं आणि नवीची मागणी कधी आली नव्हती. मी सही घेतली आणि दिली. थोड्या वेळानं डोकावले तर मास्तर आपल्या व्हाइसपुढे उभे, आणि बाजूला मुलांचे जॉब ओळीनं मांडलेले. काय चाललंय म्हणून विचारलं. कडा मारतोय म्हणाले, धारदार राहिल्यात, कुणाचा हात कापायचा. कडा मारायला एका जॉबला दोन मिनिटं लागतात. ते एकाच जॉबवर चाळीस मिनिटं होते. मी मुकाट परत आले आणि नोंदवहीत उगाच जुनी पानं चाळत बसले.

आधी त्यांनी फक्त ते वाकडं नाक सरळ केलं. मग ते सुधारल्यावर त्याच्या शेजारचा जॉब वाईट दिसायला लागला. मग त्यांना वाटलं, दोघांचे करायचे आणि बाकीच्यांचे नाही, हा अन्याय झाला. माणूस कसा बुडतो बघा, न्याय करता करता. गुरुवारी संध्याकाळपर्यंत दहा जॉब झाले. त्यांनी ते मला स्वतः सांगितलं, कारण माझ्यापासून लपवायला त्यांना जमत नव्हतं. मी म्हटलं, आणि पोरीचा?

“तिच्या जॉबला हात लावायची गरजच नाही. तो तसाच जाणार.”

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा भाव आला. मला बरं वाटलं. मी दिवे बंद करायला घेतले. त्यांनी अकराच्या अकरा जॉब एका ट्रेमध्ये जुना टॉवेल अंथरून मांडले. दहा आरशासारखे चमकत होते. अकरावा करडा, मंद, कानशीच्या रेघा दिसणारा. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले.

“हा यांच्यात फार गरीब दिसतोय,” ते म्हणाले.

मी बोलायला हवं होतं. मला कळत होतं. पण घरी पाहुणे येणार होते आणि मला उशीर झाला होता. मी म्हटलं, आटपा लवकर. त्यांनी पाटराणीचा जॉब व्हाइसमध्ये धरला आणि प्रत्येक बाजूला कानशीचे तीन-तीन हात मारले. पाच मिनिटं लागली असतील. मी दाराशी पर्स खांद्याला लावून उभी होते.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता फोरमन आले. साठीचे, बारीक, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. मुलं भिंतीला पाठ लावून उभी होती. पाटराणीनं केस इतके घट्ट बांधले होते की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. तिची आई कामावरून तासाची सुट्टी काढून आली होती आणि बाहेर व्हरांड्यात बसली होती. मोठ्या बाई होत्या. मी नोंदवही घेऊन कोपऱ्यात होते.

फोरमननी पहिला जॉब उचलला, उजेडासमोर धरला आणि मान डोलावली. दुसरा उचलला. तिसऱ्याला त्यांनी चष्मा बदलला. मग ते जॉब उजेडासमोर धरायचे सोडून खिडकीशी तिरके धरायला लागले, जसा आपण काचेवरचा ओरखडा शोधतो. एकेक करत अकराही त्यांनी तसेच बघितले आणि टेबलावर एका रांगेत लावले.

“तुमच्यात डावखुरं कोण आहे?” त्यांनी मुलांना विचारलं.

कुणीच नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. फोरमननी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शिकवायच्या सुरात. उजव्या हातानं कानस मारणारा एका बाजूनं उभा राहतो, डावखुरा दुसऱ्या बाजूनं. शेवटचा हात मारला की बारीक रेघा उरतात, आणि उजव्याच्या रेघा एका अंगाला झुकतात, डाव्याच्या दुसऱ्या. पॉलिश केलं तरी पूर्ण जात नाहीत. या अकरा जॉबवरच्या सगळ्या रेघा एकाच अंगाला झुकल्या होत्या. अकरा जणांनी केलेल्या कामावर शेवटचा हात एकाच माणसाचा होता.

मास्तरांचा डावा हात पँटच्या खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढला. नऊ वर्षं ते मुलांना हेच शिकवत आले होते, की लोखंडावर माणसाचा हात राहतो, तिथे लबाडी चालत नाही. फिटर माणसाला सगळं आठवतं, स्वतःच्या हाताचा कल तेवढा आठवत नाही. तो त्याला दिसतच नाही.

“मी केलंय,” मास्तर म्हणाले. “मुलांना माहीत नाही. मुलांचा काही दोष नाही.”

फोरमननी कागद काढला आणि लिहायला लागले. मग थांबून त्यांनी शेवटचा जॉब पुन्हा उचलला आणि त्याची खाच आतून बघितली. हा कुणाचा म्हणून विचारलं. पाटराणीनं हात वर केला. ते म्हणाले, आत खाचेत उजव्या हाताच्या रेघा आहेत, तिथे यांची कानस पोचली नाही. त्या रेघा चांगल्या आहेत.

हे ऐकून मास्तर पुढे आले. त्यांनी सांगितलं की हा जॉब तिचाच आहे, पूर्ण तिचा, मी फक्त तीन-तीन हात मारले, फक्त दिसायला. फोरमननी विचारलं, तीन की तीनशे, हे त्यांनी कशावरून ठरवायचं. मास्तर म्हणाले, तिला आत्ता तुमच्यासमोर कानस द्या, एक बाजू घासून दाखवेल, एक तास द्या. फोरमननी उरलेल्या दहा मुलांकडे बघितलं. यांनाही एक तास देऊ का, म्हणाले. आणि यांना जमलं नाही तर ते कुणाच्या माथी? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मला ते खूप चूक हवं होतं.

त्यांनी कागद बॅगेत घातला तेव्हा मास्तरांनी त्यांच्या बॅगेचा पट्टा धरला. मास्तर पट्टा धरून बोलत राहिले, रविवारबद्दल, आत्याबद्दल, जुळ्यांबद्दल, सगळ्या मुलांदेखत. शब्द एकमेकांवर पडत होते. त्यांच्या तोंडातून थुंकी उडत होती. इतकी वर्षं लोकांच्या दिवाणखान्यात ताठ बसून बोललेला माणूस. शेवटी मोठ्या बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि मास्तर, सोडा, असं म्हणाल्या, तेव्हा त्यांची बोटं सुटली. फोरमन जाताना पाटराणीसमोर क्षणभर थांबले आणि निघून गेले.

पाटराणी रडली नाही. ती टेबलाशी गेली, आपला जॉब उचलला, तिरका धरला, आणि बराच वेळ बघत राहिली. मग ठेवून दिला. बाहेर मास्तरांनी तिच्या आईला सगळं सांगितलं, काहीही न लपवता, स्वतःचा दोष पुन्हा पुन्हा सांगत. आईनं ते पूर्ण ऐकलं की नाही कोण जाणे.

“म्हणजे नाही झालं ना?” तिनं विचारलं.

मास्तर नाही म्हणाले. ती उठली, पदर सारखा केला आणि तास संपायच्या आत कामावर परत गेली.

शनिवारी बाईंनी खोलीबद्दल सांगितलं. मास्तरांनी हुज्जत घातली नाही. इतर दहा मुलांपैकी सातजणांच्या आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला, एकानं तर पेढे वाटावेत इतका आनंद दाखवला, की बरं झालं, डोक्यातलं खूळ गेलं. मी मास्तरांशी बोलत नव्हते. मला त्यांचा राग आला होता आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त आला होता, आणि दोन्ही राग एका वेळी सांभाळून बोलता येत नाही.

पण रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला की हे बसस्टँडवर जायचं म्हणतात आणि दारापर्यंत जाऊन परत येतात, तुम्ही याल का. मी गेले. मास्तरांनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पाटराणी खिडकीशी बसली होती, मांडीवर एक पिशवी, पायाशी एक पेटी. आई बाहेर उभी होती. आम्हाला बघून ती बाजूला सरकली, हसली नाही की तोंड फिरवलं नाही. मास्तर खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

“सर,” तीच म्हणाली, “तुम्ही हात लावायच्या आधी माझा जॉब कसा होता?”

मला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. बोलावं असं मला मनापासून वाटलं. थोडी फट जास्त होती, मला करावंच लागलं, असं म्हटलं असतं तर दोघांचंही ओझं हलकं झालं असतं.

“चांगला होता,” मास्तर म्हणाले. “तसाच दिला असता तर त्यांनी तुला घेतलं असतं.”

तिनं मान हलवली. मागच्या बाकावरचा कुणीतरी पेटी सरकवा म्हणाला, तिनं ती सरकवली. ड्रायव्हर चढून आपल्या जागेवर बसला.

“आई म्हणते, जुळी चालायला लागली की परत ये,” ती म्हणाली. “तोपर्यंत आपली खोली असेल?”

“नाही, बाळ. खोली काल गेली.”

“मग मी कुठे येऊ?”

पोटतिडकीनं सगळ्या गावाच्या पोरांना कुठे जा ते सांगत फिरलेला माणूस, पिशवीत सतरा प्रशिक्षणांची माहितीपत्रकं घेऊन हिंडणारा. मी त्यांना कोपरानं ढोसलं. म्हटलं, बोला काहीतरी, पत्ता द्या, नाव द्या कुणाचं. त्यांचे ओठ हलले. बस सुरू झाली. पाटराणीनं खिडकीची काच लावली नाही, ती उत्तराची वाट बघत बाहेर वाकून राहिली, आणि बस वळेपर्यंत मास्तर तिच्याकडे नुसते बघत उभे होते.